बाळाच्या खाण्याची बेगमी आणि फ्रीझरचा भरवसा

प्रश्न : मुंबईच्या पूर्व उपनगरात राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे बाळ साडेसहा महिन्यांचे आहे. २६ आठवड्यांची प्रसूती रजा आणि तिला जोडून घेतलेली थोडी बिनपगारी रजा आता संपत आली असून पुढच्या महिन्यात त्यांना फोर्टमधल्या कार्यालयात रुजू व्हायचे आहे. सकाळी आठला घर सोडले की रात्री आठच्या सुमारासच त्या घरी पोहोचतील. दिवसभर बाळ सासूबाईंजवळ राहील आणि दुपारपर्यंत मदतीला एक मावशी येतील. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना ओट्यापाशी फार वेळ उभे राहवत नाही. म्हणून दर रविवारी आठ-दहा प्रकारच्या भाज्या, फळे, खिचडी आणि नाचणीची खीर शिजवायची, मिक्सरमधून काढायची आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून आठवडाभर वापरायची, असे या बाईंनी ठरवले आहे. त्यांची परदेशातली मैत्रीण असेच करते आणि तिचा साठा दोन-दोन महिने चालतो. सासूबाईंना मात्र हे मुळीच पसंत नाही. "एवढ्याशा जिवाला आठवड्याचे अन्न घालणार का?" असे त्यांनी विचारल्यापासून घरात बोलणे कमी झाले आहे. असे अन्न सुरक्षित असते का, ते किती दिवस ठेवता येते, घरातला एका दाराचा फ्रिज पुरेल की नवा घ्यावा, आणि सासूबाईंची समजूत कशी घालावी, असे चार प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या चार प्रश्नांपैकी शेवटचा मी आधी घेते, कारण बाकीच्या तिन्हींची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. सासूबाईंची समजूत घालायची आहे, असे तुम्ही लिहिता तेव्हा त्यांचे म्हणणे चुकीचे आहे हे तुम्ही धरूनच चालला आहात. मला तसे वाटत नाही. शिजवलेल्या अन्नात जिवाणू सर्वांत झपाट्याने वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात, आणि मुंबईतले स्वयंपाकघर बाराही महिने या पट्ट्याच्या मधोमध असते. एप्रिल-मे महिन्यांत किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात ओट्यावर झाकून ठेवलेला भात काही तासांत आंबूस होतो, हे सासूबाईंनी आयुष्यभर पाहिले आहे. सकाळचे संध्याकाळी लहान मुलाला द्यायचे नाही, हा त्यांचा नियम अनुभवातून आलेला आहे आणि उघड्यावर राहिलेल्या अन्नाच्या बाबतीत तो आजही तंतोतंत खरा आहे. प्रश्न इतकाच आहे की नीट गोठवलेले अन्न या नियमात बसते का. ते बसत नाही. पण ते 'नीट' आपल्या घरात जमते आहे ना, हे तपासावे लागते. त्यामुळे सासूबाईंशी वाद घालण्याऐवजी त्यांची शंका हीच आपल्या सगळ्या व्यवस्थेची कसोटी मानावी, असे मी सुचवीन.

गोठवण्याने नेमके काय होते ते समजून घेऊ. उणे १८ अंशांना जिवाणूंची वाढ थांबते. ते मरत मात्र नाहीत. अन्न फ्रीझरमध्ये जाताना जसे असेल तसेच ते राहते आणि बाहेर काढून ते कोमट झाले की थांबलेली वाढ जेथल्या तेथून पुन्हा सुरू होते. म्हणून फ्रीझरमध्ये अन्न किती दिवस राहिले, याची तुम्हाला वाटते तेवढी काळजी करण्याचे कारण नाही. धोका असतो तो अन्न शिजल्यापासून गोठेपर्यंतच्या काही तासांत, आणि बाहेर काढल्यापासून बाळाच्या तोंडात जाईपर्यंतच्या वेळात. यातला पहिला भाग रविवारी तुमच्या हातात असेल. दुसरा भाग मंगळवारी दुपारी साडेबाराला, तुम्ही कार्यालयात असताना, सासूबाईंच्या किंवा मावशींच्या हातात असेल. ज्यांच्या हातात ही व्यवस्था अर्धी आहे त्यांनाच ती मनापासून पटलेली नसेल, तर कितीही महागडा फ्रीझर आणला तरी उपयोग व्हायचा नाही.

आता थोडे तुमच्या यादीविषयी. आठ-दहा प्रकार हा आकडा कोठून आला, हे एकदा स्वतःला विचारून पाहा. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला, आईचे दूध चालू असताना, दिवसातून दोन ते तीन वेळा वरचे अन्न द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुरुवातीला एका वेळी दोन-तीन मोठे चमचे पुरतात आणि ते वाढत वाढत २५० मिलिलिटरच्या कपाच्या अर्ध्यापर्यंत जाते. तुम्ही घरी नसाल तेव्हाची दोनच खाणी धरली, तर पाच दिवसांची मिळून दहा छोट्या वाट्या होतात. त्यासाठी अख्खा रविवार ओट्यापाशी घालवण्याची गरज नाही. चित्रफितींमध्ये दिसणारे रंगीबेरंगी चौकोनांनी भरलेले ट्रे पाहिले की आपले बाळ काहीतरी गमावते आहे असे वाटू लागते, हे मी समजू शकते; पण या वयात बाळाला एका आठवड्यात दहा चवी लागत नाहीत. नवा पदार्थ एकेकटा द्यावा, तो तीन-चार दिवस पाहावा आणि मगच पुढचा सुरू करावा, हे अधिक शहाणपणाचे आहे, कारण पुरळ उठले किंवा जुलाब झाले तर कशामुळे झाले ते कळते. यातूनच एक नियम निघतो : बाळाने आधी ताजा खाऊन पचवलेला पदार्थच गोठवायचा. अजून न चाखलेल्या भाजीचा साठा करून ठेवू नये.

आणखी एक गृहीतक आहे. बाळाचे जेवण पूर्णपणे वेगळे शिजवायचे आणि पूर्णपणे तयार करूनच ठेवायचे, असे तुम्ही धरले आहे. मला वाटते, जेवण साठवण्याऐवजी श्रम साठवावेत. ज्या कामाला वेळ लागतो आणि गुडघ्यांना त्रास होतो, ते म्हणजे भाज्या धुणे, सोलणे, वाफवणे, वाटणे. ते रविवारी उरकून गोठवावे. डाळ-तांदूळ मात्र रोज ताजे शिजवावेत. तुमच्या घरी दुपारच्या जेवणासाठी कुकर लागतोच. त्यातच एका छोट्या भांड्यात मूठभर तांदूळ आणि मूगडाळ, मीठ न घालता, जास्त पाणी घालून ठेवले की वेगळे उभे राहावे लागत नाही. शिजलेला मऊ भात चमच्याने घोटला, त्यात भोपळ्याचा एखादा गोठवलेला तुकडा उकळून मिसळला आणि वरून थोडे तूप घातले की बाळाचे जेवण झाले. यात सासूबाईंचा 'ताजे' हा आग्रहही बराचसा पाळला जातो, आणि मला तो पाळला जावा असे मनापासून वाटते.

भात रोज ताजा करण्यामागे केवळ चवीचे कारण नाही. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्यातूनही टिकून राहू शकतात. भात कोमट अवस्थेत बराच वेळ राहिला तर ते वाढतात व त्यांच्यातून उलट्या घडवणारे विष तयार होऊ शकते. हे विष नंतर कितीही गरम केले तरी नाहीसे होत नाही. 'पुन्हा उकळले की झाले' हा आपला नेहमीचा भरवसा येथे चालत नाही. भात किंवा खिचडी तातडीने थंड करून गोठवता येत नाही असे नाही. पण जो पदार्थ वीस-पंचवीस मिनिटांत ताजा होतो त्याच्यासाठी बाळाच्या बाबतीत ही जोखीम कशाला घ्यायची?

नाचणीची खीर गोठवू नये, याचे कारण निराळे आहे. पिष्टमय पदार्थ गोठवून वितळवले की पाणी सोडतात. खीर फुटल्यासारखी आणि गुठळ्यांची होते आणि बाळ ती तोंडातून बाहेर ढकलते. नाचणीच्या बाबतीत आपल्याकडे फ्रीझरपेक्षा चांगली सोय पूर्वापार आहे. नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून, गाळून, वाळवून केलेले सत्त्व असो, किंवा धुऊन, वाळवून, भाजून भरड काढलेल्या डाळ-तांदळाचे खिमट असो, ही कोरडी बेगमी आहे. कोरड्या पिठात जिवाणू वाढू शकत नाहीत, कारण त्यांना लागणारा ओलावाच नसतो. दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवायचे आणि मंद आचेवर ढवळत शिजवायचे. ते थोड्या वेळात तयार होते. सासूबाईंना खिमट करता येत असेल, आणि मला खात्री आहे की येत असेल, तर तुमच्या व्यवस्थेचा मोठा भाग त्यांच्याकडेच सोपवा. फक्त जूनपासून हवेत दमटपणा वाढतो तेव्हा पंधरा दिवसांपुरतेच करावे, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, चमचा ठणठणीत कोरडा असावा आणि कुबट वास आला किंवा जाळी दिसली तर चाळून वापरण्याचा मोह टाळून ते सरळ टाकून द्यावे.

मग गोठवायचे काय? लाल भोपळा, गाजर, रताळे, मटार, फरसबी, वाफवलेले सफरचंद किंवा नासपती, हंगामात आमरस, आणि घट्ट शिजवलेले वरण हे सगळे चांगले राहते. तुमच्या घरी चालत असेल तर शिजवून बारीक केलेले चिकनही ठेवता येते. बटाटा वितळल्यावर रवाळ व पाणचट होतो, केळे काळे पडते, दही फुटते, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. त्यांच्या वाटेला जाऊ नये. केळे कुस्करायला एक मिनिट लागते. पालक आणि बीट यांविषयी थोडे जपावे. या भाज्यांत नायट्रेट जास्त असते आणि शिजवून वाटलेली भाजी बाहेर किंवा नुसत्या फ्रिजमध्ये राहिली तर जिवाणूंमुळे त्याचे नायट्राइट होऊ लागते, जे लहान बाळाच्या रक्ताच्या प्राणवायू वाहण्यावर परिणाम करू शकते. ती शिजताच गोठवावी किंवा ताजीच द्यावी. आज थोडी, उद्या थोडी अशी फ्रिजमधून पुरवू नये. मीठ आणि साखर पहिल्या वर्षात घालायचीच नाही, आणि मध तर एक वर्षापर्यंत चाटवायलाही नको, मग तो गोठवलेल्या पदार्थात असो वा ताज्या.

रविवारच्या कामाकडे वळू. हात साबणाने धुणे वगैरे तुम्हाला सांगायला नको, पण मिक्सरच्या भांड्याकडे मात्र लक्ष द्या. झाकणाची रबरी रिंग काढून पाहिली तर तिच्याखाली जुनी चटणी, वाटण अडकलेले आढळते, पात्याखालीही तसेच. बाळासाठी एक छोटे भांडे वेगळे ठेवावे, ते उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावे आणि वाटण पातळ करायला उकळून गार केलेलेच पाणी घ्यावे. महापालिकेचे पाणी शुद्ध होऊन येत असले तरी ते आपल्या नळाला येण्याआधी इमारतीच्या टाक्यांमधून येते, आणि त्या टाक्या केव्हा धुतल्या हे आपल्याला माहीत नसते.

यानंतरचा तास सर्वांत महत्त्वाचा. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक बाहेर राहू नये, हा सर्वसाधारण नियम आहे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तो एका तासावर येतो. मुंबईत वर्षातला बराच काळ आपण एक तासच धरावा. आपल्या घरांमध्ये 'गरम फ्रिजमध्ये ठेवू नये' असे म्हणून पातेले पूर्ण गार होईपर्यंत ओट्यावर राहते, कित्येकदा दुपारपासून रात्रीपर्यंत. बाळाच्या अन्नाच्या बाबतीत ही सवय मोडावी लागेल. खोल पातेले स्वतःहून गार व्हायला फार वेळ घेते, म्हणून वाटण पसरट थाळीत पातळ पसरावे, ती थाळी बर्फाचे पाणी घातलेल्या परातीत ठेवावी आणि स्वच्छ चमच्याने अधूनमधून हलवावे. वाफ पूर्ण जाऊन ते हाताला गार लागेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे पुरतात. लगेच ट्रेमध्ये भरावे. बर्फाच्या ट्रेच्या एका कप्प्यात साधारण दोन मोठे चमचे मावतात आणि एवढीच मात्रा सोयीची, कारण लहान तुकडा लवकर गोठतो आणि लागेल तेवढेच बाहेर काढता येते. झाकणाचा ट्रे मिळाला तर उत्तम. नसेल तर ट्रे स्वच्छ पिशवीत घालून बंद करावा, म्हणजे शेजारच्या मासळीचा वास लागत नाही आणि कच्च्या मासळीचे पाणीही त्यावर पडत नाही. तुकडे कडक झाले की ते काढून डब्यात भरावेत. श्रीखंडाचे रिकामे डबे यासाठी वापरू नयेत. ते एकदाच वापरण्यासाठी बनवलेले असतात. घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे चांगले. डब्यावर चिकटपट्टी लावून पदार्थाचे नाव आणि तारीख मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावी, कारण ती तुम्हाला नव्हे, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजे.

आता फ्रिज. तुमच्या मैत्रिणीच्या आणि तुमच्या साठ्यात खरा फरक येथे आहे. घरी केलेले बाळाचे अन्न उणे १८ अंशांना एक ते दोन महिने चांगले राहते, असे मानतात. साध्या फ्रिजमध्ये ते एक ते दोन दिवसच ठेवावे. पण एका दाराच्या फ्रिजमधला वरचा बर्फाचा कप्पा उणे १८ पर्यंत पोहोचेलच असे नाही. काही फ्रिजच्या त्या कप्प्यावर बर्फाच्या फुलासारखे छोटे तारे छापलेले असतात : एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८. वीजबचतीच्या चिठ्ठीवरचे तारे वेगळे. पंचतारांकित फ्रिज घेतला म्हणून फ्रीझर थंड असतो असे होत नाही. ताऱ्यांची खूण नसेल तर स्वयंपाकघरातला छोटा तापमापक आणून रात्रभर कप्प्यात ठेवावा. तोही नको असेल तर आईस्क्रीम ठेवून पाहावे. दुसऱ्या दिवशी ते दगडासारखे कडक असेल तर कप्पा पुरेसा थंड आहे. चमचा सहज रुतत असेल तर तो बाळाच्या साठ्यासाठी विसंबण्याजोगा नाही.

एका दाराच्या फ्रिजची आणखी एक अडचण क्वचितच कोणाच्या लक्षात येते. कप्प्यात साचलेला बर्फ वितळवायला आपण मधले बटण दाबतो, तेव्हा त्यातले सगळेच मऊ पडते आणि नंतर पुन्हा गोठते. बाहेरून पाहता तुकडे तसेच दिसतात. मदतीच्या मावशींनी फ्रिज पुसताना सहज बटण दाबले आणि तुम्हाला ते कळलेच नाही, असे घडू शकते. त्यामुळे बर्फ वितळवण्याचा वार शनिवार ठरवावा, म्हणजे आठवड्याचा साठा तोवर संपलेला असेल.

म्हणून नव्या फ्रिजविषयी माझे मत असे : केवळ यासाठी घेऊ नका. तुमच्या कप्प्याने आईस्क्रीमची परीक्षा पार केली तर एक आठवड्याचा साठा त्यात निर्धास्त ठेवा आणि आठवड्यानंतर उरलेले घरातल्या मोठ्यांच्या आमटी-भाजीत वापरून टाका. परीक्षेत तो उतरला नाही तर रविवारी आणि मंगळवारी रात्री, दोन-दोन दिवसांपुरते शिजवून फ्रिजच्या मुख्य भागात, ५ अंशांच्या आत, मागच्या बाजूला ठेवा, दारातल्या कप्प्यात नको. शुक्रवारी बाळाला घरात शिजेल ते मऊ करून द्या. दोन दारांचा फ्रिज आधीच असलेल्या वाचकांनी महिनाभराचा साठा करायला हरकत नाही, पण त्यांनाही मी त्यापलीकडे जायला सांगणार नाही, आणि त्याचे कारण जिवाणू नाहीत. बाळ आठ महिन्यांचे होईपर्यंत त्याला हातात धरून खाण्याजोगे मऊ तुकडे द्यायला लागायचे असतात आणि वर्षाचे होईपर्यंत त्याने घरातलेच जेवण, थोडे मऊ करून, खायचे असते. फ्रीझरमध्ये दोन महिन्यांचे गुळगुळीत वाटण भरून ठेवले की ते संपवण्याच्या नादात चावायला शिकण्याचा काळ निघून जातो. सातव्या महिन्यापासून मिक्सर कमी फिरवा, आठव्यापासून चमच्याने किंवा पावभाजीच्या मॅशरने नुसते चेपा.

दुपारच्या बारा वाजता घरी काय व्हायला हवे, हे मी सविस्तर लिहिते. हा मजकूर तुम्ही सासूबाईंबरोबर बसून वाचावा. त्या वेळेपुरते तुकडे डब्यातून कोरड्या चमच्याने काढून डबा लगेच आत जावा. तुकडे वितळण्यासाठी ओट्यावर ठेवू नयेत. आदल्या रात्री वाटीत काढून फ्रिजच्या खालच्या भागात ठेवावेत आणि २४ तासांच्या आत वापरावेत, किंवा सरळ छोट्या पातेल्यात चमचाभर पाणी घालून मंद आचेवर ठेवावेत. नुसते कडेनेच नव्हे, मध्यभागीही बुडबुडे येऊन वाफ निघेपर्यंत उकळावे. आतपर्यंत ७० अंशांच्या वर जायला हवे. मग गार करून, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहून भरवावे. मायक्रोवेव्ह वापरत असाल तर मधेच काढून ढवळणे आणि नंतर अर्धा-एक मिनिट थांबणे आवश्यक आहे, कारण त्यात वरचा भाग कोमट आणि आतला गोळा जीभ भाजेल इतका गरम असू शकतो. एकदा गरम केलेले दुसऱ्यांदा गरम करायचे नाही, वितळलेले पुन्हा गोठवायचे नाही, आणि बाळाच्या उष्ट्या चमच्याने ढवळले गेलेले वाटीतले अन्न कितीही उरले तरी टाकून द्यायचे, कारण लाळेबरोबर जिवाणू त्यात उतरलेले असतात. अन्न टाकणे सासूबाईंच्या जिवावर येईल, आपल्या घरांमध्ये ते साहजिक आहे. म्हणून आधी एकच तुकडा गरम करावा आणि बाळाने आणखी मागितले तर दुसरा.

सकाळी एकदाच गरम करून दुपारपर्यंत कॅसरोलमध्ये ठेवणे हा सोयीचा वाटणारा मार्ग खरे तर सर्वांत वाईट आहे. कॅसरोलमधले थोडेसे अन्न पाहता पाहता कोमट होते आणि तसेच राहते. मावशी दुपारी जाणार असतील तर जाण्यापूर्वी संध्याकाळचे गरम करून ठेवण्याची चूक त्या तुमच्या भल्यासाठीच करतील. त्यांना आधीच सांगून ठेवा. संध्याकाळी चारला सासूबाईंना गॅसजवळ उभे राहणे नको असेल तर त्या वेळी कुस्करलेले केळे, चिकू किंवा पपई द्यावी, म्हणजे गरम करण्याचा प्रश्नच उरत नाही.

तुम्ही दूध काढून ठेवणार असाल तर एक खुलासा. आईचे काढलेले दूध फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत राहते, म्हणून शिजवलेली भाजीही राहील असे समजू नये. आईच्या दुधात जिवाणूंची वाढ रोखणारे घटक असतात, भोपळ्याच्या वाटणात नसतात.

वीज जाण्याचाही विचार करून ठेवावा. मुंबईत सहसा ती जात नाही, पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी महानगराचा बहुतेक भाग तासन् तास अंधारात होता, आणि कल्याण-बदलापूर किंवा वसई-विरारच्या वाचकांना तर हे अधूनमधून भोगावे लागते. वीज गेली की फ्रिजचे दार उघडू नये. मुख्य भाग सुमारे चार तास थंड राहतो, त्यानंतर त्यातले बाळाचे अन्न वापरू नये. गणपतीला गावी जाऊन आल्यावर मागे काय घडले ते कळावे म्हणून जाण्यापूर्वी वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे बर्फात खाली गेलेले दिसले तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठले आहे असे समजावे आणि साठा टाकून द्यावा.

एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या पत्रात रविवारच्या सगळ्या कामाची आखणी आहे, पण त्यात तुमच्या यजमानांना कोणतेच काम दिलेले नाही. भाज्या सोलणे, थाळी बर्फाच्या पाण्यात हलवत बसणे, तारखा लिहिणे, मिक्सरची रिंग घासणे यांसाठी कोणतेही खास कौशल्य लागत नाही. रात्री आठला लोकलच्या गर्दीतून आल्यावर आणि आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीला तुम्ही बाळाजवळ असावे, ओट्याजवळ नव्हे, असे मला वाटते.

बाळ वेळेआधी जन्मलेले असेल, वजन कमी असेल किंवा काही आजार असेल, तर साठवणीचा विचार करण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. आणि गोठवलेले असो वा ताजे, खाल्ल्यानंतर वारंवार उलट्या किंवा जुलाब झाले, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा बाळ मलूल पडले, तर काय बिघडले याचा शोध नंतर घ्यावा. आधी क्षारसंजीवनी सुरू करून, आईचे दूध चालू ठेवून, त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

रुजू व्हायला तुमच्याकडे अजून काही आठवडे आहेत. त्यातले दोन आठवडे रंगीत तालमीसाठी ठेवा. येत्या रविवारी फक्त भोपळा आणि गाजर गोठवा. सोमवारपासून दुपारचे खाणे सासूबाईंनीच डब्यातून काढून, गरम करून भरवावे आणि तुम्ही शेजारी बसून नुसते पाहावे. कोठे हात पोहोचत नाही, डब्याचे झाकण उघडायला घट्ट जाते का, तारीख दिसते का, गॅसजवळ स्टूल ठेवायला जागा आहे का, हे तेव्हाच कळेल. त्यांना जे अवघड जाते ते त्या दोन आठवड्यांत बदलून घ्या. तरीही त्यांचे मन मानत नसेल तर आग्रह धरू नका. खिमट, कुकरमधला मऊ वरण-भात आणि कुस्करलेले फळ एवढ्यावर तुमच्या बाळाचे दिवसाचे खाणे उत्तम भागते, आणि गोठवलेली भाजी तुम्ही रात्री घरी आल्यावर स्वतः गरम करून देऊ शकता.